कोंडलेल्या हॉलमधलं लग्न

एसी बंद पडला तो नेमका लग्नाच्या दिवशी सकाळी. आधी छताकडून घरघर ऐकू आली, मग जळका वास आला, मग काहीच नाही. धुळ्याहून बोलावलेला मेकॅनिक मोटरसायकलवर आला, मागच्या अंगणातल्या मोठ्या युनिटपाशी बराच वेळ उकिडवा बसला आणि हात पुसत म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला. माल नाशिकहून येईल. आज काही होत नाही."

स्वप्नीलने कपाळावर हात मारला. त्याची बायको सारिका शेजारीच उभी होती. मे महिना, दोंडाईचा, दुपारचा मुहूर्त. सोनगीरहून वऱ्हाड निघालंसुद्धा होतं.

हा हॉल दोघांनी मिळून उभा केला होता. मुळात ते स्वप्नीलच्या वडिलांचं कापसाचं जिनिंग. ते बंद पडलं, मशिनं विकली गेली आणि राहिलं एक लांबलचक उंच छपराचं शेड. छपराच्या कण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी पट्टी होती, तिच्यातून कापसाची धूळ आणि उष्णता वर निघून जायची. मागच्या पश्चिमेच्या भिंतीला ट्रक लागतील एवढी दोन लोखंडी शटरं होती. हॉल करताना ती पट्टी पत्र्याने बंद केली, कारण खाली पांढरंशुभ्र पीओपीचं छत आलं. शटरं खाली ओढून आतून प्लाय ठोकला, कारण तिथे स्टेज आलं. पुढे काचेची दारं बसवली. दोंडाईचात एवढा मोठा एसी हॉल दुसरा नव्हता. स्वप्नील पाहुण्यांना आत नेऊन म्हणायचा, "बाहेर कितीही तापू द्या, आत महाबळेश्वर." सारिकालाही ते ऐकताना बरं वाटायचं.

"जम्बो कूलर आणतो," स्वप्नील म्हणाला. "मंडपवाल्याकडे आहेत तेवढे सगळे."

अकराच्या सुमाराला टेम्पो आला. माणसाच्या उंचीचे कूलर दोन्ही भिंतींच्या कडेने ओळीत लावले, पाण्याचे पाइप सोडले, आणि पंखे सुरू झाले तसा सगळ्या हॉलभर वाळ्याचा गारवा पसरला. रिकाम्या हॉलमध्ये तो छान वाटला. स्वप्नीलने काचेची दारं ओढून घेतली आणि दारावरच्या माणसाला बजावलं, "दार उघडं ठेवायचं नाही. झळा आत येतात, गार हवा बाहेर जाते. माणूस आत घेतला की लगेच बंद."

सारिकाने ते ऐकलं होतं. तिलाही ते बरोबरच वाटलं होतं.

वऱ्हाड आलं, नवरदेवाची शेवंती म्हणजे मिरवणूक आली, वाजंत्री दारापर्यंत येऊन थांबली आणि बघता बघता हॉल भरला. नवरी मोनाली दोंडाईच्याचीच. तिचे आजोबा हिलाल आबा म्हणजे गावातलं वजनदार माणूस. पांढरा फेटा, हातात काठी, आणि लग्नाचा सगळा कारभार स्वतःच्या नजरेखाली. नवरदेव चंदन सोनगीरचा. त्याचे वडील नवलभाऊ शेतकरी, कमी बोलणारे. सोबत नवलभाऊंची आई भिकुबाई होती. वय झालेलं, नऊवारी लुगडं, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर तिला बसवलं होतं. सारिकाने तिला पाणी नेऊन दिलं तेव्हा तिने सारिकाचा हात धरून ठेवला.

"माय, आठे हवाच नई शे," ती म्हणाली. "मन्हा जीव घाबरी राहिना."

"आजी, कूलर लावलाय ना इथेच. थोडं सरकून बसा त्याच्या समोर." सारिकाने कूलरचं तोंड तिच्याकडे फिरवलं. भिकुबाईने डोळे मिटून घेतले. सारिकाला वाटलं, बरं वाटलं असेल.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात यायला लागलं की काहीतरी चुकतंय. काचेच्या दारांवर आतून धुकं धरलं होतं, बोटाने नाव लिहिता येईल इतकं. अक्षतांची ताटं फिरत होती आणि लोक मुठीत घेतलेले तांदूळ पुन्हा पुन्हा झटकत होते, ते हाताला चिकटत होते. बायकांच्या कपाळावरची कुंकवं ओघळली होती. लहान पोरं एकामागून एक रडायला लागली होती, कुणी एका जागी राहत नव्हतं. कूलर जोरात चालत होते आणि प्रत्येक जण पत्रिकेने वारा घेत होता. स्वतः सारिकाची पाठ भिजून पोलकं अंगाला चिकटलं होतं. घाम येत होता, पण वाळत नव्हता.

बर्फ संपला म्हणून ती ऑफिसातून मागच्या दाराने अंगणात गेली. तिथे आचाऱ्यांची धांदल चालली होती. चुलाण्यावर वांग्याची भाजी घोटली जात होती, बट्ट्या तळणीत पडत होत्या. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. ती निंबाखाली बर्फाच्या पेटीपाशी वाकली आणि तशीच थांबली. पश्चिमेकडून गरम, कोरडा वारा येत होता. नेहमीचाच, अंग भाजणारा. पण तिच्या मानेवरचा घाम वाळला. छाती मोकळी झाली. तिने खोल श्वास घेतला, आणि मग तिला कळलं की गेला अर्धा तास आपण असा श्वास घेतलेलाच नाही.

बाहेर चव्वेचाळीस अंशात बरं वाटतंय, आणि आत नाही.

घरी कूलर लावला की आपण काय करतो? खिडकीत लावतो, तोंड आत आणि पाठ बाहेर. आणि समोरची खिडकी उघडी ठेवतो. न ठेवली तर खोली दमट होते, पापड मऊ पडतात, माणूस गुदमरतो. हे खानदेशातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. आणि इथे सगळे कूलर आत ठेवले होते, तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते, आणि हॉलभर माणसं कोंडून आपण दारं लावून घेतली होती.

बर्फ तिथेच टाकून ती आत धावली.

स्वप्नील स्टेजच्या पायऱ्यांशी व्हिडिओवाल्याला काही सांगत होता. तिने त्याला बाजूला ओढलं.

"अहो, दारं उघडा. सगळी. आणि कूलर बंद करा."

"वेड लागलं का? कूलर बंद केले तर लोक मरतील उकाड्याने."

"कूलरनेच होतंय. ओल धरलीय आत. हवा बाहेर जायला वाटच नाही. मागची शटरं उघडायला हवीत."

स्वप्नीलने मागे पाहिलं. शटरांच्या पुढे प्लाय होता, प्लायच्या पुढे फुलांची भिंत. झेंडू, ऑर्किड, मधोमध चंदन-मोनालीची अक्षरं. त्यासमोर अंतरपाट धरायची तयारी चालली होती.

"ती पाडू? आता?" त्याचा आवाज चिरकला. "सारिका, पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न आहे. लग्न लागलं की लोक जेवायला बाहेरच जाणार आहेत. तेवढं निघून जाईल."

"आणि नाही निघालं तर?"

"हळू बोल. लोक बघताहेत."

खरंच लोक बघत होते. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लग्न थांबवायचं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. हॉलचं नाव जातं, आणि नवरीला कायमचा बोल लागतो. भटजींनी माइक हातात घेतला होता. दोन्ही मामा अंतरपाट घेऊन उभे राहिले होते. तिने ठरवलं, निदान पुढची दारं तरी आपण उघडू.

ती गर्दीतून दाराकडे निघाली तेव्हा पहिल्या रांगेतून बाईची किंकाळी आली.

भिकुबाई सोफ्यावरून घसरून खाली पडली होती. तोंड उघडं, डोळे अर्धवट, पण चेहरा तापल्यासारखा लाल. सारिकाने तिच्या गालाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "आजी! आजी!" काही उत्तर नाही. नवलभाऊ स्टेजवरून उडी टाकून आले. "माय, काय व्हयनं? बोल ना!" त्यांनी तिला उचलून हातांवर घेतलं. आणि तेवढ्यात मागच्या रांगेत आणखी कुणीतरी पडलं. "पाणी, पाणी" असा ओरडा झाला, आणि कुणीतरी, कोण ते कधीच कळलं नाही, म्हणालं, "गॅस गळला!"

मग हॉल उठला.

हजारभर माणसं एकदम पुढच्या दारांकडे वळली. खुर्च्या आडव्या झाल्या. काचेच्या दाराची एकच बाजू उघडत होती, दुसरीला वर-खाली कड्या घातलेल्या होत्या. दारावरचा माणूस भिंतीला दाबला गेला होता, त्याचा हात कडीपर्यंत पोहोचत नव्हता. एका बाईच्या कडेवरचं लेकरू गर्दीच्या वर दिसलं, मग दिसेनासं झालं. सारिकाला कळलं की आता माणसं उकाड्याने मरोत न मरोत, त्या दारात नक्की मरतील.

ती स्टेजवर चढली. भटजींच्या हातून माइक ओढून घेतला.

"थांबा! गॅस नाही. कुठेच गॅस गळलेला नाही. चुलाणं बाहेर आहे. ढकलू नका, दारात लेकरं आहेत. जिथे आहात तिथे थांबा. मागची भिंत उघडतोय, हवा येतेय. पुढच्यांनी एकेकाने बाहेर व्हा." तिने तेच पुन्हा सांगितलं, आणि मग पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना आवाज खाली आणला, लेकराला समजावतात तसा. पुढची रेटारेटी जराशी सैल पडली.

"कूलर बंद करा," ती म्हणाली. कुणी हललं नाही. तिने स्वतः खाली उतरून वायरींच्या बोर्डावरचं मुख्य बटण पाडलं. पंखे थांबले तसा एक भयंकर सन्नाटा पसरला आणि लोकांच्या श्वासांचा आवाज ऐकू यायला लागला.

ती फुलांच्या भिंतीकडे वळली, तर समोर हिलाल आबा उभे. काठी आडवी धरलेली.

"हात लावू नको," ते म्हणाले. "मुहूर्त टळी जाई. लगीन लागू दे पहिले, मंग काय करनं ते कर. मन्ही नात शे ती. अशी भिंत पाडीसन लगीन कोनी लावस का?"

"आबा, माणूस जाईल एखादं."

"लोके बाहेर जाई राहिनात ना? मंग? भटजी, म्हना तुम्ही पुढे."

भटजी घामाने निथळत होते. त्यांनी एकदा सारिकाकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि खरंच पहिला शब्द उच्चारला. स्वप्नील पायऱ्यांवर खिळून उभा होता. सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून मोनाली बोलली. शालू, शेला, मुंडावळ्या, गळ्यात जाड हार, आणि ओठ पांढरे पडलेले. इतका वेळ तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "माले श्वास येत नई शे. उघडू द्या." आणि तिने गळ्यातला हार काढून खाली ठेवला.

हिलाल आबांची काठी खाली आली.

त्यानंतर स्वप्नील हलला. तो धावत आला आणि दोन्ही हातांनी फुलांची जाळी धरून ओढली. जाळी एका बाजूने सुटली, झेंडूंचा ढीग स्टेजवर कोसळला. मागचा प्लाय दिसला. खिळे आत खोल गेले होते. "पहार आणा!" तो ओरडला. अंगणातून आचारी पहार, कोयता, हाताला लागेल ते घेऊन आले. चंदनने, नवरदेवाने, मुंडावळ्या मागे सारून पहारीचं दुसरं टोक धरलं. प्लाय कडाडून फाटला. एक फळी, दुसरी फळी. आता लोखंडी शटर, वर्षानुवर्षं न उघडलेलं. कडी निघाली, पण शटर वीतभर वर गेलं आणि अडलं.

"गंजलंय," स्वप्नील म्हणाला. त्याच्या तळहातातून रक्त येत होतं. "सारिका, तेल. तळणीतलं आण, काहीही आण."

तिने गार तेलाचा डबा आणून दोन्ही बाजूंच्या खाचांत उपडा केला. त्यांनी खालून पहार घातली, सहा-सात माणसांनी खांदा दिला. शटर आधी करकरलं, मग एका झटक्यात डोक्याच्या वर गेलं.

पश्चिमेचा वारा आत घुसला. गरम होता, धुळीचा होता, त्याने पत्रिका, पत्रावळी, फुलं सगळं उडवलं, आणि तो सरळ हॉलच्या पोटातून पुढच्या दारांकडे गेला. दारांतली माणसं एकदम वळून पाहायला लागली. काचांवरचं धुकं कडेकडेने विरत गेलं. कुणीतरी एकदाची दुसऱ्या दाराची कडी काढली. दुसरं शटर उघडेपर्यंत अर्धा हॉल रिकामा झाला होता, आणि जे आत होते ते खुर्च्यांवर बसून नुसते श्वास घेत होते. गर्दीत दिसेनासं झालेलं लेकरू दाराबाहेर आईच्या कडेवर रडत होतं, आणि मागच्या रांगेत पडलेलं माणूस पाणी पिऊन उठून बसलं होतं.

सारिकाने तेवढ्यात नवलभाऊंना शोधलं. ते आईला घेऊन निंबाखाली बसले होते. तिने बर्फाची पेटी उपडी केली, टेबलावरची चादर ओली करून भिकुबाईच्या अंगावर टाकली, काखेत आणि मानेशी बर्फ ठेवला. ॲम्ब्युलन्स आली तोवर ती वारा घालत राहिली. भिकुबाईने डोळे उघडले नाहीत. नवलभाऊ ॲम्ब्युलन्समध्ये बसले आणि दार लागायच्या आधी चंदनला म्हणाले, "तू थांब. लगीन लावून घे. मन्ही मायले बी तेच आवडी."

लग्न लागलं ते उघड्या शटरांसमोर, मुहूर्त टळून बराच वेळ गेल्यावर. दोन कूलर शटरांच्या तोंडाशी नेऊन बाहेर पाठ करून लावले होते, आणि आता त्यांचा वारा खरोखर गार लागत होता. पण हसत कुणीच नव्हतं. हिलाल आबांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी गेले.

संध्याकाळी स्वप्नील तळहाताला पट्टी बांधून ऑफिसात बसला होता. लोकांचे फोन येत होते. कुणीतरी मोबाइलवर काढलेला गोंधळाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता.

"काय सांगायचं?" त्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "म्हातारीचा उपास होता म्हणे. तेच सांगू. एसी तर मशीन आहे, कुणाचाही बिघडतो."

"एसी बिघडला तो आपला दोष नाही," सारिका म्हणाली. "दारं बंद केली ती आपण."

"म्हणजे कबूल करायचं? हॉल बंद पाडायचाय का तुला?"

ती उठली. रात्र व्हायच्या आत तिला धुळ्याच्या दवाखान्यात पोहोचायचं होतं, भिकुबाईला तिकडे हलवलं होतं. स्वप्नील थोडा वेळ बसून राहिला. मग गाडीची किल्ली घेऊन तिच्या मागोमाग आला. सोनगीरचा किल्ला मागे पडला तेव्हा दिवस मावळत होता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नवलभाऊ भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टर म्हणाले होते की ताप उतरतोय, पण उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

"नवलभाऊ," सारिका म्हणाली, "आजींनी मला आधीच सांगितलं होतं, इथे हवा नाही म्हणून. मी कूलर त्यांच्याकडे फिरवला आणि निघून गेले. दारं आम्हीच लावून घेतली होती. वारा जायला वाट ठेवली नव्हती. उपासाने झालं असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही."

स्वप्नील तिच्या बाजूला मान खाली घालून उभा होता. "दारं लावायला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

नवलभाऊंनी दोघांकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर अजून लग्नाचाच सदरा होता, चुरगळलेला. "आते जा तुम्ही," ते म्हणाले. आवाजात राग होता की थकवा, ते सारिकाला कळलं नाही. "माय उठली की सांगसू. नई उठली तरी सांगसू."

भिकुबाई उठली. तिसऱ्या दिवशी तिने चहा मागितला आणि चंदनच्या बायकोला अजून का आणलं नाही म्हणून सगळ्यांना झापलं. नवलभाऊंनी फोन करून तेवढंच सांगितलं. पुढे त्यांनी तक्रार केली नाही. पण सोनगीरकडचं एकही लग्न त्या वर्षी हॉलवर आलं नाही, आणि हिलाल आबा बाजारात दिसले तर रस्ता बदलतात, ते आजही.

पावसाळ्यात हॉल बंद ठेवून दोघांनी काम काढलं. पीओपीचं छत उतरवलं. छपरावरचा पत्रा काढला आणि कण्याची पट्टी पुन्हा मोकळी केली, वर फक्त पाऊस अडवणारी टोपी बसवली. वारा येतो त्या पश्चिमेच्या भिंतीला खाली जाळीच्या खिडक्या पाडल्या, पूर्वेला मोठे पंखे बसवले, आतली हवा बाहेर फेकणारे, लाइट गेली तर जनरेटरवर चालतील असे. सगळी दारं बाहेरच्या बाजूने उघडणारी केली. एसी पुन्हा लावलाच नाही. स्टेज उत्तरेच्या भिंतीला गेलं. हॉल आता पूर्वीइतका देखणा दिसत नाही, छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या उघड्या दिसतात.

दिवाळीनंतर शिरपूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी हॉल बघायला आले. त्यांना पूर्वेचे पंखे आवडले नाहीत. "हे झाकून टाका त्या दिवशी," ते म्हणाले. "फोटोत फार वाईट येतात. पडदा लावू, फुलं लावू, आमचा माणूस करेल सगळं."

सारिका काही बोलणार तेवढ्यात स्वप्नील म्हणाला, "नाही झाकता येणार."

"अहो, तासाभराचा तर प्रश्न आहे."

"कळतंय मला," स्वप्नील म्हणाला. "पण नाही."

गृहस्थ गाडीत बसून निघून गेले. स्वप्नील दारात उभा राहून गाडीची धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिला. सारिका चहा टाकायला आत गेली.